सँडविच आणि गुडघे

१९५८ च्या एप्रिलमध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत ‘इकॉनॉमी’ नावाचा नवा स्वस्त वर्ग सुरू झाला आणि पाठोपाठ एका सँडविचवरून भांडण पेटले. त्या काळी आंतरराष्ट्रीय भाडी विमान कंपन्यांची संघटना ‘आयाटा’ ठरवत असे. भाडे सगळ्यांचे सारखे, तेव्हा या वर्गात कुणी सँडविचपलीकडे काही वाढू नये, असा दंडक होता. स्कँडिनेव्हियाच्या ‘एसएएस’ने पावाच्या एका कापावर मांस, चीज, मासळी असे बरेच काही रचले आणि त्यालाही सँडविचच म्हटले. ‘पॅन अ‍ॅम’ने तक्रार केली की हे सँडविच नव्हे, हे तर भरपेट जेवण आहे. प्रकरण एसएएसला २० हजार डॉलर दंड होण्यापर्यंत गेले आणि सँडविच साधे, थंड आणि स्वस्तातले असावे, असे ठरवावे लागले. आज यावर हसू येते. पण गंमत अशी की इकॉनॉमीतल्या सेवेविषयीची आपली चर्चा अजूनही त्या सँडविचपाशीच अडकून पडली आहे. जेवण फुकट मिळाले की नाही, चहाचे किती घेतले, बॅगेचे वजन किती धरले, यावर लोक तावातावाने बोलतात. खुर्चीच्या पुढच्या खुर्चीपासूनच्या अंतराचा आकडा विचारला, तर नेहमी विमानाने जाणाऱ्यालाही तो सांगता येत नाही. माझे म्हणणे असे की हा वादच चुकीच्या जागी चालला आहे. जे प्रवाशाला वेगळे विकत घेता येते, त्याचे कंपनीने पैसे घ्यावेत, खुशाल घ्यावेत. पण जे तिकीट काढताना दिसत नाही आणि विमानात बसल्यावर बदलता येत नाही, त्याला किमान मर्यादा हवी. ती कंपनी ‘स्वस्तातली’ आहे की ‘पूर्ण सेवेची’, यावर न ठरता उड्डाण किती तासांचे आहे यावर ठरायला हवी.

तासांचा मुद्दा मधल्या पल्ल्याच्या उड्डाणांत सर्वाधिक टोचतो. मुंबई-पुणे पट्ट्यातल्या प्रवाशाला हा पल्ला चांगला ठाऊक आहे: मुंबईहून दुबई सुमारे तीन तास, बँकॉक साडेचार, सिंगापूर साडेपाच, इस्तंबूल सातच्या आसपास. यातली बरीच उड्डाणे आता एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ कुळातल्या, मधोमध एकच वाट असलेल्या विमानांनी होतात. ही विमाने मुळात तास-दोन तासांच्या फेऱ्यांसाठी घडली. पुढे इंजिने काटकसरी झाली, पल्ला वाढला आणि दिल्लीला जाणारे विमान त्याच खुर्च्यांनिशी पुढे समुद्रापार जाऊ लागले. आपल्याकडे सेवेचा साचाही देशांतर्गत फेऱ्यांवरच बेतला गेला. कॅप्टन गोपीनाथ यांची ‘एअर डेक्कन’ २००३ मध्ये आली, २००५ मध्ये ‘स्पाइसजेट’ आणि ‘गोएअर’, २००६ मध्ये ‘इंडिगो’. मुंबई-दिल्ली दोन तासांत जेवण कशाला, हा त्यांचा सवाल रास्त होता आणि लोकांनी तो मान्यही केला. त्या साच्यामुळे पहिल्यांदा विमानात बसलेली माणसे देशात मोजता येणार नाहीत इतकी आहेत. २००५ मध्येच ‘एअर इंडिया एक्स्प्रेस’ने आखाताच्या वाटेवर स्वस्त तिकिटाचा प्रयोग सुरू केला. केरळच्या कामगारांची त्यामागे निकड होती, आणि कोकणातून आखातात गेलेल्या माणसांची गरजही काही निराळी नव्हती. तो साचा वाईट नव्हता. दोन तासांसाठी शिवलेला सदरा साडेपाच तासांना चढवला आणि माप पुन्हा घेतलेच नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

आता खुर्ची. एका खुर्चीवरचा एखादा बिंदू आणि पुढच्या खुर्चीवरचा तोच बिंदू यांतल्या अंतराला ‘सीट पिच’ म्हणतात. स्वस्तातल्या कंपन्यांच्या ए३२० मध्ये हे अंतर साधारण २८ ते ३० इंच असते. हे अंतर म्हणजे गुडघ्यापुढची मोकळी जागा नव्हे. त्यात खुर्चीच्या पाठीची जाडीही येते. म्हणून पाठ पातळ केलेल्या नव्या खुर्चीत २९ इंचांत जुन्या ३० इंचांइतकी जागा मिळते, असे उत्पादक सांगतात आणि ते गुडघ्यापुरते खरेही आहे. बुडाखालच्या गादीचे काय, याचे उत्तर मात्र तिसऱ्या तासाला मिळते. रुंदीची कथा आणखी वेगळी. बोइंग ७३७ ची रुंदी १९५० च्या दशकातल्या ७०७ कडून वारशाने आली आहे, त्यामुळे सहा जणांच्या ओळीत एकेकाच्या वाट्याला १७ इंचांच्या आसपास येतात. ए३२० थोडे रुंद असल्याने तिथे १८ इंच मिळू शकतात. उलट, जेवण, पडदा, उशी सगळे देणाऱ्या ‘एमिरेट्स’च्या बोइंग ७७७ मध्ये एका ओळीत दहा खुर्च्या असतात आणि रुंदी पुन्हा १७ च्या घरात येते. म्हणजे पाय कुठे पसरतील आणि खांदे कुठे घासतील, याचा कंपनीच्या प्रतिष्ठेशी थेट संबंध नाही. दुबईला जाणारा माणूस महाग तिकिटात लांबी विकत घेतो आणि रुंदी गमावतो, आणि हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. २०१३ मध्ये एअरबसने लांब पल्ल्याच्या इकॉनॉमीत १८ इंच रुंदी हे सर्वमान्य माप व्हावे, अशी मागणी केली होती. त्यामागे बोइंगला चिमटा काढण्याचा हेतू होताच, पण व्यापारी हेतूने बोललेले खरेही असू शकते.

शरीर मात्र कंपनीचे नाव बघत नाही, ते वेळ मोजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘राइट’ नावाच्या संशोधन-प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७ मध्ये पुरा झाला. चार तासांहून अधिक काळ न हलता बसून प्रवास केला, तर शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण मूळ धोकाच लहान आहे. चार तासांपुढच्या प्रवासात तो साधारण सहा हजारांत एकाला. शिवाय हा निष्कर्ष फक्त विमानाला नाही, तर बस, मोटार आणि रेल्वेलाही लागू होतो. पण बस चहाला थांबते. रेल्वेत माणूस दारापर्यंत फेरी मारून येतो. मुंबई-सोलापूर ‘वंदे भारत’चा प्रवासही साडेसहा तासांचाच, पण तिथे उठायला शेजारच्या दोघांची मनधरणी करावी लागली तरी उठल्यावर चालायला वाट असते. एका वाटेच्या विमानात ती वाट खाद्यपदार्थांच्या ट्रॉलीने अडवलेली असते आणि १८६ प्रवाशांच्या ए३२० मध्ये साधारण तीन स्वच्छतागृहे असतात. त्यांतली मागची दोन आताच्या रचनेत अशी आक्रसली आहेत की साठी उलटलेल्या माणसाने त्यात वळायचे कसे, हा प्रश्न आरेखन करणाऱ्याला पडला नसावा. भरीला केबिनमधली हवा. बहुतेक विमानांत तिचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावरच्यासारखा असतो, आर्द्रता बऱ्याचदा १० ते २० टक्के. कळसूबाईच्या माथ्याची उंची ५,४०० फूट. त्याहून उंच आणि वाळवंटाइतक्या कोरड्या जागी साडेपाच तास गच्च बसायचे, तर घोटभर पाणी मागितल्याबरोबर मिळणे ही चैन राहत नाही. सुरक्षा तपासणीत घरची भरलेली बाटली काढून घेतली जाते, तेव्हा तर नाहीच नाही.

अन्नाचा प्रश्न मला त्या मानाने किरकोळ वाटतो, जरी भांडण सगळे त्यावरच होते. विमानातले जेवण बेचव लागते, त्यात स्वयंपाक्याचा दोष अर्धाच असतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्थान्सासाठी विमानासारखा कमी दाब आणि कोरडी हवा तयार करून चवीचे प्रयोग केले. त्यांत मीठ आणि साखर यांची जाण बरीच मंदावते, असे दिसले. टोमॅटोसारखी चव मात्र टिकून राहते. इंजिनाचा अखंड घरघराट त्यात आणखी भर घालतो. एरवी कुणी न मागणारा टोमॅटोचा रस आकाशात खपतो, तो यामुळे. चिंचगुळाची आमटी तिथे किती शोभली असती, हा विचार मनात येतो आणि पुढच्याच क्षणी ती आमटी डगमगत्या विमानात कुणाच्या मांडीवर सांडेल, हाही येतो. अन्नावरच्या काटकसरीचा इतिहासही जुना आहे. ‘अमेरिकन एअरलाइन्स’चे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी १९८० च्या दशकात सॅलडमधले एक ऑलिव्ह कमी करून वर्षाला ४० हजार डॉलर वाचवल्याची कथा व्यवस्थापनाच्या वर्गांत अजून सांगितली जाते. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे ‘डीजीसीए’ने, २०१३ मध्ये जेवण, पसंतीची जागा, सामान अशा सेवांचे वेगळे पैसे घ्यायला परवानगी दिली, तेव्हा या काटकसरीला नियमाचे रूप आले. यात अन्याय आहे असे मला वाटत नाही. ज्याला नको त्याने दुसऱ्याच्या जेवणाचे पैसे का भरावेत? जैन, उपासाचा, मधुमेही, लहान मुलासोबतचा असा प्रत्येकाचा आहार वेगळा असलेल्या देशात सर्वांना एकच ताट वाढण्यापेक्षा आधी निवडून पैसे देणे बरे. शिवाय दशम्या, थेपले, कोरडी चटणी यांना कुणी अडवत नाही. डब्यातल्या दशमीची चव आकाशातही फारशी बिघडत नसावी.

मग प्रवाशाचा इतका राग कशावर असतो? सेवेच्या गुणवत्तेचा अभ्यास करणाऱ्यांत पारसुरामन, झाइथमल आणि बेरी यांनी १९८० च्या दशकात मांडलेला विचार अजून टिकून आहे: माणूस सेवेचे मोल तिच्या निरपेक्ष दर्जावर नाही, तर अपेक्षा आणि अनुभव यांच्यातल्या अंतरावर करतो. आणि त्यांच्या पाहणीत ग्राहकांनी सर्वांत वरचे स्थान दिले ते सांगितले तसे करण्याला, म्हणजे भरवशाला. हे भारतीय प्रवाशाला अगदी लागू पडते. ‘महाराजा’च्या काळाची किंवा ‘जेट’ आणि ‘किंगफिशर’च्या ट्रेची आठवण काढणारी पिढी अजून आहे, पण ती संख्येने लहान. २०२४ मध्ये देशांतर्गत विमानप्रवाशांचा आकडा १६ कोटींच्या पुढे गेला. त्यांतल्या बहुतेकांनी फुकटचा ट्रे कधी पाहिलेलाच नाही. ते रागावतात ते वेगळ्या गोष्टींवर. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेले एक विमान धुक्यामुळे मुंबईकडे वळवावे लागले. तासन्‌तास रखडलेले प्रवासी मुंबईच्या धावपट्टीलगत, विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवताना देशाने पाहिले. हवाई सुरक्षा विभागाने इंडिगोला १ कोटी २० लाख रुपये दंड केला, विमानतळाच्या चालकांनाही दंड झाला. त्या चित्रात जेवण तर होते. नव्हते ते बसायला जागा आणि पुढे काय होणार याचे उत्तर. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होताना इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हाही विमानतळांवर सँडविचची मागणी कुणी करत नव्हते.

नियमांना तासांची भाषा येत नाही, असे मात्र नाही. ‘डीजीसीए’चा विलंबाविषयीचा नियम तासांवरच चालतो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला, तर प्रवाशांना खाणेपिणे द्यावे लागते. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास उशीर व्हावा लागतो. त्याहून लांबच्याला चार तास. यातला उफराटेपणा पाहा. दोन तासांच्या उड्डाणाचा प्रवासी जमिनीवर दोन तास थांबला की त्याला चहा-नाष्टा मिळतो. सिंगापूरला जाणाऱ्याने पावणेचार तास थांबायचे, मग साडेपाच तास उडायचे, आणि या सव्वानऊ तासांत त्याला काही देणे कंपनीवर बंधनकारक नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमातही असा चढता जिना आहे, फरक इतकाच की तिथे तो अंतरावर मोजतात. लांब जाणाऱ्याने लांब वाट पाहावी, हे प्रवाशाच्या पोटाच्या बाजूने नव्हे, कंपनीच्या वेळापत्रकाच्या बाजूने रचलेले गणित आहे. तरीही नियामकाने उड्डाणाची लांबी हा निकष एकदा स्वीकारला आहे, ही त्यातली जमेची बाजू. एप्रिल २०२४ मध्ये त्याच नियामकाने बारा वर्षांखालच्या मुलाला आई-वडिलांपैकी एकाच्या शेजारीच बसवावे, असे बजावले. विकता येणारी प्रत्येक गोष्ट विकायची नसते, हे त्याने तेव्हा मान्य केलेच होते.

यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप बाजाराकडून येतो: प्रवाशाला जागा हवी असती, तर त्याने तिचे पैसे मोजले असते. याला पुरावाही आहे. २००० साली ‘अमेरिकन एअरलाइन्स’ने आपल्या विमानांतल्या इकॉनॉमीच्या ओळी काढून सगळ्यांना पाय पसरायला जास्त जागा दिली आणि तशी धूमधडाक्यात जाहिरातही केली. काही वर्षांतच त्या ओळी परत बसवाव्या लागल्या. चार डॉलर स्वस्त तिकिटाचा शोध घेणारा प्रवासी जागेसाठी थांबला नाही. हा पुरावा मी नाकारत नाही. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र अर्धवट आहे. तिकिटे शोधताना पडद्यावर भाडे दिसते, वेळ दिसते, थांबे दिसतात. पिच दिसत नाही, रुंदी दिसत नाही, किती प्रवाशांमागे एक स्वच्छतागृह, हेही दिसत नाही. जो गुण डोळ्यांना दिसत नाही, त्याची किंमत कुणी देत नाही. भाजीवालीने ताजी आणि शिळी मेथी एकाच पिशवीत बांधून ठेवली, तर गिऱ्हाईक स्वस्त पिशवीच उचलणार. रेल्वेने ही अडचण फार पूर्वी सोडवली. थ्री-टियर म्हणजे काय आणि चेअर कार म्हणजे काय, हे देशभर सगळ्यांना ठाऊक असते, कारण डबे सारखे असतात. विमानात ‘इकॉनॉमी’ या एका शब्दाखाली २८ इंचही विकले जातात आणि ३४ ही. आकडे तिकिटावर छापणे ही पहिली आणि सर्वांत स्वस्त सुधारणा आहे, आणि तिला बाजाराच्या पाठीराख्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. ते छापूनही अनेकजण स्वस्त पिशवीच उचलतील, हे मी गृहीत धरतो. त्यांना तो हक्क आहे. म्हणूनच किमान मर्यादा ऐसपैस नको, सोसवेल इतकीच हवी.

दुसरा आक्षेप गरिबांच्या नावाने येतो: जागा वाढवाल तर तिकीट महागेल आणि आखातातला कामगार दोन वर्षांनी घरी येतो तो तीन वर्षांनी येईल. याचा हिशेब मांडून पाहू. १८६ खुर्च्यांच्या विमानात ३१ ओळी. त्यातली एक काढली, तर उरलेल्या ३० ओळींत प्रत्येकी जवळपास एक इंच वाढतो. खुर्च्या १८० राहतात. विमान पूर्ण भरलेले धरले, तरी उरलेल्यांना साधारण ३.३ टक्के जास्त द्यावे लागतील. १५ हजारांच्या तिकिटावर ५०० रुपये. काही उड्डाणे भरत नाहीत, तिथे तोटा त्याहून कमी. ५०० रुपये कामगाराला थोडे नाहीत, हे मान्य. पण विमानतळाचे शुल्क, सणासुदीला दुपटी-तिपटीने चढणारे भाडे यांच्यापुढे हा आकडा ठेवला, म्हणजे ‘गरिबासाठी’ हा शब्द कुणाच्या सोयीने वापरला जातोय हे कळते. आणि आणखी एक: मध्यरात्री मस्कतहून निघून पहाटे उतरणारा आणि पुढे रत्नागिरीची एसटी गाठणारा माणूसच त्या इंचावर सर्वांत जास्त अवलंबून असतो, कारण त्याच्या खिशात जास्तीच्या जागेचे पैसे नसतात. भारतीय माणूस युरोपीयापेक्षा बुटका, त्याला २८ इंच पुरतात, असेही कुणी म्हणते. सरासरीला पुरतातही. पण खुर्चीत सरासरी बसत नाही.

तिसरा आक्षेप असा की सोयीच्या गोष्टीत कायद्याने पडू नये. कायद्याने फक्त सुरक्षितता पाहावी. इथे दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात. विमानातले सर्व लोक निम्म्या दरवाज्यांतून ९० सेकंदांत बाहेर पडायला हवेत, ही कसोटी जगभर मान्य आहे. १९८५ मध्ये मँचेस्टरच्या विमानतळावर ५५ जण आगीत आणि धुरात गेले. त्यानंतर त्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनने खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीपर्यंत किमान २६ इंच असावेत, असा नियम केला. तेव्हा असे माप ठरवता येते, हे दिसून आले आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये एका प्रवासी संघटनेच्या याचिकेवर न्यायालयाने आक्रसणाऱ्या खुर्च्यांचा प्रश्न पुन्हा तपासण्याचा आदेश विमान वाहतूक खात्याला दिला, २०१८ मध्ये संसदेने किमान माप ठरवण्याचा कायदाच केला. खात्याने मग सुटकेच्या चाचण्या घेतल्या आणि खुर्च्यांच्या मापाने फारसा फरक पडत नाही, असे सांगितले. चाचणीतले स्वयंसेवक १८ ते ६० वयाचे, धडधाकट होते. लेकीच्या बाळंतपणाला किंवा मुलाच्या नव्या घराला सिंगापूर-दुबईला निघालेले आपल्याकडचे आई-वडील त्या चाचणीत कुठेच नव्हते.

आपल्याकडच्या नियमात काय असावे, याची यादी लांब होऊ नये, नाहीतर पुन्हा सँडविचची व्याख्या करत बसावे लागेल. तीन तासांवरच्या उड्डाणात मागेल तितके पाणी फुकट. चार तासांवर पिचचा किमान आकडा आणि स्वच्छतागृहांचे प्रवाशांशी प्रमाण. तिकिटावर पिच, रुंदी आणि खुर्ची मागे झुकते की नाही, हे तीन तपशील. आणि विलंबाच्या नियमात जमिनीवरचे व आकाशातले तास एकत्र मोजणे. बाकी जेवण, उशी, चित्रपट, खिडकी ज्याचे त्याने विकत घ्यावे. तिथे नियामकाने नाक खुपसू नये. यातल्या पिचवर कंपन्या शेवटपर्यंत भांडतील, पाण्यावर बहुधा भांडणार नाहीत. घाई करायला मात्र एक कारण आहे. एका वाटेच्या विमानांचा पल्ला अजून वाढतो आहे. एअरबसचे ए३२१एक्सएलआर सुमारे ८,७०० किलोमीटर जाऊ शकते. ‘आयबेरिया’ने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते माद्रिद-बोस्टन असे अटलांटिकपार नेले आणि इंडिगोनेही या विमानांची मागणी नोंदवली आहे. मुंबईहून युरोपचा बराच भाग त्याच्या टप्प्यात येतो. दोन तासांसाठी बेतलेला तो सदरा आता आठ तासांना चढेल की नवा शिवला जाईल, हे त्या विमानांच्या खुर्च्यांची ऑर्डर देताना ठरते, आणि तेव्हा प्रवाशाला कुणी विचारत नाही.